वाटेवरची तार

वेळा अमावस्या, सांजवेळ

शेजारच्या रानातल्या काशिनाथच्या बापाच्या बैलांचे घुंगूर अजून कानात आहेत. आमच्या रानातूनच त्यांची वाट. त्या तालावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो. काल त्याच वाटेवर माझ्या पोरानं काटेरी तार ओढली. "अण्णा, कवितेनं रान राखता येत न्हाय," म्हणाला. त्याला अडवलं का नाही मी? पलीकडं काशिनाथचा तोडलेला ऊस वाळतोय, ट्रॅक्टर निघायला दुसरी वाट नाही. दरवर्षी वेळा अमावस्येला रानात पूजा झाली, की तो आमच्या कडब्याच्या कोपीत ताकातली आंबील प्यायला यायचा. आज तारेपाशी थांबला अन् माघारी वळला. मीही आंबिलीला तोंड लावलं नाही. ती तार...

आत्ता दार वाजलं. काशिनाथची म्हातारी आई, हातात रिकामा तांब्या.

"भाऊ, आमची आंबील द्या. पोरगं तुमच्या तारेपासनं तसंच आलंय."