मिनिटाला अठ्ठेचाळीस

प्रिय टिटवे,

सोमवारी त्या बसड्रायव्हरच्या पायात तुमच्या प्रयोगशाळेत वाढवलेली रक्तवाहिनीची नळी बसायची आहे, आणि गुरुवारपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुझी आई विचारते, ऑपरेशन त्याचं आणि तोंड तुमचं का उतरलंय? मी पित्तावर ढकललं.

गुरुवारी फोनवर तू खुशीत होतीस. नळीच्या आत रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर पूर्ण धरलंय म्हणालीस. फक्त या खेपेला पेशी जरा आळशी आहेत, प्रवाहाच्या दिशेने लांब व्हायच्या त्या वेड्यावाकड्या बसल्यात, पण प्रयोगशाळेच्या मॅडमच्या मते चालण्याजोगं आहे. तू हसलीस, मीही हसलो. मग तुझ्या बोलण्यामागे मला नळीतून द्रव फिरवणारा तो पंप ऐकू आला. सवयीने घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके. तू फोन ठेवेपर्यंत तीनदा मोजले. साठ हवेत ना गं?

मी नववी नापास गडी, मला हे सगळं तूच समजावलंस. या पेशी जशा वाढवाव्या तशा वागतात. अंगावरून द्रव जोरात वाहत राहिला की घट्ट धरून बसतात, रक्त गोठू देत नाहीत. संथ पाण्यात लाडावल्या तर चिकट आणि ढिल्या निघतात, खऱ्या रक्ताचा लोंढा आला की सुटतात. म्हणजे तुझ्या मामासारख्या, असं मी म्हणालो होतो आणि तू आठवडाभर हसत होतीस.

आता ऐक. दीड महिन्यापूर्वी पंपाचं चाक तुटलं, तेव्हा तू मला बोलावलंस. सगळ्यांसमोर म्हणालीस, आमच्या बाबांना मोटारीचं दुखणं कानाने कळतं. माझी छाती फुगली. त्याच मापाचं चाक मिळेना, म्हणून मी थोडं मोठं बसवलं. मॅडमनी मापाचा ग्लास पुढे केला, मिनिटाला किती द्रव येतो ते बघू म्हणाल्या. मी म्हणालो, "कान आहे की मॅडम, ग्लास कशाला?" सगळे हसले. शेजारी फ्रीज घरघरत होता, मला धड ऐकूच आलं नव्हतं. पण एवढ्या कौतुकानंतर घड्याळ काढायची लाज वाटली. तबकडीवरच्या साठच्या आकड्यावर तुम्ही विसंबलात, आणि तो आकडा जुन्या चाकाचा होता; मोठ्या चाकावर पंप सावकाश फिरतो.

तो ड्रायव्हर नातीला सायकल शिकवणार आहे म्हणालीस. डोळे मिटले की मला सायकलमागे धावणारा त्याचा पाय दिसतो आणि आत धरलेली गुठळी.

दहा वेळा फोन उचलून ठेवला. फोनवर तू मला वाचवलं असतंस. चाक आपोआप झिजलं म्हणाली असतीस, नाहीतर सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतंस. म्हणून हे कागदावर, माझ्या सहीने. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हाती वर पाठवतोय. वाचून झालं की तसंच मॅडमना दे. ग्लास लावा, मोजा, आणि सोमवार थांबवा. तुझं दोन वर्षांचं काम मागे जाईल. कदाचित तू माझ्याशी बोलणार नाहीस, त्याचीही भीती वाटते. पण त्या माणसाची जास्त वाटते, पोरी.

तुझाच, खाली फाटकापाशी थांबलेला,
बाबा