खालच्या दुकानाचे शटर

दि. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. नव्या खोलीचा जिना अरुंद निघाला आणि कपाट बाहेरच अडकून पडले, हे बाबांना वाचून दाखवले, तेव्हा ते मनापासून हसले. कपाटाचे पाय काढता येतात, एवढे या पोराला कसे सुचले नाही, असे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून आधी ते कळवते.

मंगळवारी आम्ही पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जाऊन आलो. तू कधी सोबत आलेला नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते. टोमणा समजू नकोस. थोडा समजलास तरी चालेल. बाहेर भिंतीलगत लोखंडी खुर्च्यांची रांग असते आणि बाबा नेहमी दार दिसेल अशी खुर्ची शोधतात. आत दरवर्षी नवे डॉक्टर, आणि दरवर्षी पुलावरची ती सकाळ बाबांनी पहिल्यापासून सांगायची. लढाईत बरोबरचे दोघे कसे गेले, ते जणू प्रथमच सांगावे तसे. घरी परतल्यावर कित्येक आठवडे त्यांचे जेवणावरून मन उडते, आणि पाठ भिंतीला टेकल्याशिवाय ते बसत नाहीत.

उपचार करणारे आपले डॉक्टर म्हणतात की हे अपंगत्व आता कायमचे ठरवून घ्यावे, म्हणजे दरवर्षीची फेरतपासणी सुटेल. मी अर्ज केला आहे. पण मंडळाच्या कागदांत शेरा आहे, ‘प्रकृती स्थिर, अलीकडे झटका नाही, सुधारणेस वाव.’ वाचून हसावे की रडावे, कळेना. झटका येत नाही, कारण आपण तो येऊ देत नाही! दारावरची घंटा आई असतानाच तिने काढून टाकली होती. मी जिना चढताना गुणगुणते, म्हणजे कोण येते आहे ते बाबांना आधीच कळते. भांडी फडक्यावर उपडी घालते. आणि खालचे शिंपीकाका संध्याकाळी दुकानाचे शटर असे उतरवतात, की जणू झोपलेले मूल अंथरुणावर ठेवत आहेत. एवढे जपून शेवटी आपणच आपल्या विरुद्ध पुरावा तयार केला.

आता मंडळाच्या समाजसेविका घरी येऊन पाहणी करणार आहेत. त्यांच्या अहवालावर सारे ठरेल.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असे कालपासून चालले होते. विद्यापीठात मला जागा मिळाली आहे. अपंगत्व कायमचे ठरले, तर बाबांना घरी मदतनीस मिळतो, आणि मग मला जाता येईल. म्हणजे आपले बाबा कधीच बरे होणार नाहीत, यावर शिक्का बसावा म्हणून मी हात जोडून बसले आहे. अशी मुलगी तू कुठे पाहिली आहेस का?

तुझा लोभ आहेच. हे वाचूनही तो उणा होऊ नये, इतकीच विनंती.

तुझी,
वाळवी

दि. १८ जून

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

पुस्तकं कुरतडत कुरतडत शेवटी विद्यापीठापर्यंत भोक पाडलंस म्हणायचं! शाबास. कपाट आत आलं. पायच काढले. बाबांना कळव, पण त्यांचं खरं ठरलं असं कळवू नकोस, नाहीतर मला जन्मभर ऐकावं लागेल.

अपराधी वाटून घ्यायचंच असेल, तर रांगेत माझ्या मागे उभी राहा. एवढ्या लांबची नोकरी मी का धरली, हे तुला ठाऊक आहे आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस. टोमणा पोचला, बरं का.

आता कामाचं. त्या बाई येतील, चहा घेतील, तुझी पुस्तकं पाहतील आणि किती शांत घर आहे, असं लिहून निघून जातील. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच पूल. त्यापेक्षा शिंपीकाकांना सांग, की त्या दिवशी जगातली बाकीची शटरं पडतात तसं तुमचंही पडू दे. यात खोटं काहीच नाही. जे आहे ते फक्त झाकायचं नाही, एवढंच. बाबांना त्रास होईल, मान्य आहे, पण एकदाच. दरवर्षीचा त्रास याहून मोठा आहे.

रागावू नकोस. आणि रागावलीस, तरी पत्र लिहून रागाव. माया आहे, ती टिकव.

तुझा,
दादा

दि. ५ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसे केले. तू सांगितलेस म्हणून केले, असे मात्र म्हणणार नाही. मलाही ते हवे होते.

शिंपीकाकांनी आधी साफ नकार दिला. गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, की पोरी, दुसरे काहीही सांग. मी विद्यापीठाचे पत्र दाखवले. रडलेसुद्धा, आणि रडताना, याचा उपयोग होतो आहे हे मला कळत होते. शेवटी ते म्हणाले, की खिडकीचा पडदा सारलास की शटर सोडतो, पण त्यानंतर काही दिवस माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस.

बाई ठरल्याप्रमाणे आल्या. बोलायला मऊ, गुडघे दुखत असावेत. बाबांनी त्यांना आपली दाराकडे तोंड असलेली खुर्ची दिली. दादा, ती खुर्ची त्यांनी आजवर मलाही दिलेली नाही. स्वतः सदऱ्याची सगळी बटणे लावून पलंगाच्या कडेवर बसले. मी चहा दिला. झोप कशी लागते, असे बाईंनी विचारले, तर मुलगी घरात असली की लागते, असे म्हणाले.

त्यानंतर मी पडदा सारला.

मला वाटले होते, ते दचकतील, थरथरतील, फार तर पलंगामागे जाऊन बसतील. बाई पाहतील, लिहून घेतील, आणि संपेल. तसे झाले नाही. ते माझ्याकडे धावले. मला खाली पाडून माझ्यावर आडवे झाले आणि दोन्ही तळहातांनी माझे कान झाकले. घाबरू नकोस, मी आहे, मान वर काढू नकोस, असे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या छातीची धडधड माझ्या पाठीला लागत होती. ज्या आवाजापासून ते मला वाचवत होते, तो मीच बोलावलेला होता.

माझ्या कोपराला मुका मार बसला आहे, विशेष नाही. बाबांना कुठे भाजले वगैरे नाही. कप आधीच बाजूला ठेवलेला होता. बाई भिंतीशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. अहवाल कसा जाईल, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हापासून बाबा रोज माझ्या कोपराला मलम लावतात आणि क्षमा मागतात. दादाला कळवू नकोस, तो उगाच काळजी करील, असेही बजावले आहे. मी सांगण्यासाठी तोंड उघडते आणि मिटते. वर्गात ज्या मुलीचे निबंध वाचून दाखवत, तिला एक साधे वाक्य जुळत नाही.

लोभ मागण्याचा अधिकार उरला आहे की नाही, कोण जाणे. तरी मागते.

तुझी,
वाळवी

दि. १२ जुलै

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

आज थट्टा सुचत नाही. रजा टाकली आहे. मी येतो आणि बाबांना सांगतो, की डोकं माझं होतं. तू काही बोलू नकोस. तू सामान बांध आणि तुझ्या वेळेला नीघ. कोपराला शेक दे.

या नालायकावर माया ठेव.

तुझा,
दादा

दि. २० ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

मंडळाचा हुकूम आला. कायम. आता तिकडे जाणे नाही. लिफाफा उघडून मी मोठ्याने वाचला, आणि मग ऐकायला तू नाहीस हे लक्षात आले. मदतनीस होता, बाईंच्या अहवालावरूनच त्यांनी तो हुकमाआधी पाठवला, पण तो घोरत होता. माणूस चांगला आहे. जिन्यात गुणगुणायला शिकवले आहे. सूर नाही.

सुधारणेची शक्यता नाही, असे लिहिले आहे. लिहोत.

दादा येऊन राहून गेला. त्याला काही सांगायचे होते. रोज सुरुवात करी आणि मग नळ दुरुस्त करायला घेई. आता घरातला एकही नळ गळत नाही. मी त्याला विचारले नाही. नळ तरी दुरुस्त झाले.

आता तुझ्याबद्दल. फौजेत माझे काम टेहळणीचे. समोरचा पुढे काय करणार, ते त्याच्या हातांवरून ओळखायचे. त्या दिवशी पडदा सारण्याआधी तू माझ्या हातातला कप काढून घेतलास. चहा अर्धा होता. कप रिकामा केल्याशिवाय मी खाली ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. घेताना तू माझ्याकडे पाहिले नाहीस. काहीतरी येणार, हे मला तेव्हाच कळले. काय ते नंतर कळले. आधी कळते, तरी मी तुझ्याकडेच धावलो असतो. त्यावर माझा ताबा नाही. तेच त्या कागदात आहे.

भाजू नये म्हणून कप घेतलास. तेवढे मी पुरेसे धरतो.

मलम लावताना रोज वाटे, आज बोलशील. मीच बोलायला हवे होते. पण मला कळले आहे, हे तुला कळते तर तू गेली नसतीस. म्हणून क्षमा मागत राहिलो. त्याने तुला किती लागत होते, ते मला दिसत होते. तरी थांबलो नाही. ती चूक माझी. तुझी आणि माझी फिट्टंफाट झाली, असे समज.

शिंपीकाका माझ्याकडे पाहत नसत. म्हणून आता दुकान बंद व्हायच्या वेळी मी खाली जातो. शटरची एक कड ते धरतात, दुसरी मी. काल ते शेवटी बोलले. सदऱ्याचे बटण सैल झाले आहे, म्हणाले.

अभ्यास कर. सुट्टी लागली की ये. आलीस की चहा कर, आणि या वेळी पुरा पिऊ दे.

तुझा,
बाबा