खुर्चीमागची केबिन

६ जानेवारी
नवी लिफ्ट सुरू. एकाच तारेवर सहा खुर्च्या, मग एक बंद केबिन, पुन्हा सहा खुर्च्या. पायात स्की असतील त्याने खुर्चीवर बसायचं, नुसते बूट असतील त्याने केबिनमध्ये. माझ्या वर्गातली दानित्सा गुडघ्यांपायी केबिनमध्ये. रोज दहाला वरच्या खानावळीत जवाचं सूप प्यायला जाते.
संकल्प: या हिवाळ्यात तिला विचारायचंच. दोघंही एकटी. दोन घरांत दोन चुली कशाला?

९ जानेवारी
जुन्या लिफ्टच्या जोडखुर्चीवर एकदा शेजारी बसलो होतो. वय एकोणीस. वर जायला बावीस मिनिटं. मी हवामानावर बोललो.
आता नऊच मिनिटं लागतात. शाळेतली ती बर्फावरची कविता (तिसरं कडवं ती हमखास विसरायची, मी मागच्या बाकावरून सांगायचो) म्हणायला साडेआठ. घड्याळ लावून पाहिलं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात विचारता येईल.

१४ जानेवारी
लिफ्टवरचा टिने म्हणतो, सिरिलकाका, स्की ठेवा की घरी, बसा सरळ तिच्यासमोर केबिनमध्ये. म्हटलं, सत्तर वर्षं स्की करतोय मी. केबिन बाबागाड्यांना आणि कुत्र्यांना. म्हणतो, मग बसा लोंबकळत!
उद्धट.

१५ जानेवारी
चार खुर्च्या सोडून दिल्या आणि तिच्या केबिनच्या नेमक्या पुढची साधली. मागे वळून पाहिलं. काचेआडून तिने हात हलवला!

२२ जानेवारी
आजही. चांगला गोल गोल. थंडी जितकी जास्त तितका जास्त वेळ हलवते.

८ फेब्रुवारी
कवितेचा सण, देशभर सुट्टी. खुर्चीवरून मागे तोंड करून सगळी कविता म्हटली. वारा उलटा होता, पण भाव पोचला. तिसऱ्या कडव्याला तिने दोन्ही हात हलवले. त्या नादात वर उतरायचं राहिलं, स्की अडकल्या, पडलो. लिफ्ट अकरा मिनिटं बंद. सगळे लोंबकळत शिव्या देत होते. दानित्साही लोंबकळली. म्हणजे अकरा मिनिटांची जास्तीची सोबत.
नंतर ती म्हणाली, लागलं का रे सिरिल? केबिन आठ जणांची आहे, मी एकटीच असते.
बिचारी. स्वतःची स्की सुटली, माझी बघवत नाही.

२ मार्च
टिनेकडून कळलं. रविवारी मुलगी तिला कायमची शहरात, मारिबोरला नेणार. उद्या स्की घरी.

३ मार्च
रात्रीतून ताजा बर्फ पडला. असा बर्फ वाया घालवणं पाप. स्की नेल्या. उद्या नक्की.

४ मार्च
वादळ. लिफ्ट बंद.

५ मार्च
वादळच. तिच्या घरी जावं का? नको, मुलगी असेल. शिवाय कवितेला उंची लागते.

६ मार्च, रविवार
सकाळी दहा. आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या बुटांनी. टिने हसला नाही. केबिनचं दार धरून म्हणाला, काका, त्यांची गाडी आठलाच गेली.
मागे रांग होती. बसलो.
आठ जागा. कविता सुरू केली. तिसऱ्या कडव्याशी अडलो.
श्वासाने काच धुरकटली. काही दिसेना, म्हणून तळव्याने पुसली, गोल गोल.
पुढच्या खुर्चीवरचा एक अनोळखी माणूस वळला, आणि खूश होऊन त्याने मला हात केला.