शेरामागं दोन आणे जास्त

काचीगुडा, हैदराबाद
१२ डिसेंबर १९५७

प्रिय तारामती,

जावईबापूंची औरंगाबादेत बदली होऊन तू गेलीस, त्याला वर्ष झालं. राज्य वाटलं गेलं तसं आमचं ऑफिसही वाटलं गेलं. मी इथंच राहिलो, पण टेबलावर काम उरलं नाही. शेवटी साहेबांनी मला मासळीच्या पाहणीवर धाडलं. मछलीपट्टणहून बर्फात घालून, तपासून आणलेल्या मासळीला शेरामागं दोन आणे जास्त द्याल का, एवढं घरोघर विचारायचं. आणि विचारणारा कोण, तर तुझी आई खराब मासळीनं गेल्यापासून चौदा वर्षं मासळीला हात न लावलेला मी!

पण म्हणूनच मी मनापासून हिंडलो. नामपल्लीचे एक वकील म्हणाले, चार आणेसुद्धा देऊ. नमुन्याची पहिली पेटी आली, तेव्हा भाव ऐकून छत्री उघडून चालते झाले! शेजारचे अप्पाराव म्हणाले, "नक्को एकनाथराव, तलावातली जिवंत मरळ मी डोळ्यांदेखत कापून घेतो. तुमच्या बर्फाचा काय भरवसा?"

विद्यानगरात मालनबाई म्हणून एक शिक्षिका राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच असतात. त्यांनी मलाच उलट विचारलं, "दोन आणे देईन, पण तुम्ही स्वतः खाता का ही मासळी?" मला खोटं बोलवेना. आईचं सगळं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्यांनी पेटीतली मासळी घेतली, कल्ले उघडून लाल आहेत ते मला दाखवलं, चिंच घालून कालवण केलं आणि पहिला घास स्वतः खाल्ला. मग मी खाल्लं. तारा, मी दोनदा भात मागून घेतला!

पाहणी संपली, अहवाल गेला, आता आठवड्याला दोन पेट्या येतात. माझा विद्यानगरचा रविवार मात्र चुकत नाही. गल्लीतले लोक हसतात. हसू देत.

एवढं लांबण लावलं, कारण सरळ लिहायला लाज वाटते. मालनबाईंनी आणि मी लग्न करायचं ठरवलंय, साधं, नोंदणीचं. त्यांची एकच अट आहे : तुझा होकार आला तरच. तेव्हा तुझा बावन्न वर्षांचा बाप उद्यापासून टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकली की पायरीवर येऊन उभा राहणार आहे.

तुझाच,
आबा