ऐनवेळच्या विषयांची दोन पानं

आबा, आज सभेत आपल्या वस्तीच्या अभ्यासिकेचा विषय पुन्हा निघाला, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी तुमचं नाव निघालंच. मी आता नगरसेविका आहे. ज्या सभागृहात तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर सभेचं इतिवृत्त लिहायचात, तिथे मी पंख्याखालच्या खुर्चीत बसते. माणसं बदलली, लायकी तीच. नगराध्यक्ष म्हणतात, सभा सर्वोच्च. मुख्याधिकारी म्हणतात, मी फक्त अंमलबजावणी करतो. मग दोघं आतल्या खोलीत एकाच ताटलीतली भजी खातात, आणि काही निस्तरायची वेळ आली की कारभार कुणाचाच नसतो.

तुमच्या वेळची रीत मला पाठ आहे. सभा संपली की वहीत 'ऐनवेळचे विषय' असं लिहून त्याखाली तुम्ही दोन पानं कोरी सोडायचात. सभेत कधी निघालेच नाहीत असे ठराव नगराध्यक्ष मागाहून चिठ्ठीवर पाठवायचे, तुम्ही ते त्या पानांवर उतरवायचात आणि मुख्याधिकारी साहेब न वाचता सही ठोकायचे. याला दोघंही लोकशाही म्हणायचे. मला मात्र तुमचीच जास्त किळस यायची. त्यांना निदान खुर्ची होती. तुम्हाला काय होतं?

त्या रविवारी तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, सायकलवरून पडला होतात. मी दहावीत. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, आणि तुम्ही वही अन् चिठ्ठी माझ्यापुढे सरकवताय. माझं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलेलं, हुबेहूब तुमच्यासारखं. चिठ्ठीत होतं, अभ्यासिकेसाठी राखलेल्या जागेवर दुकानगाळे बांधावेत. घरात अभ्यासाला कोपरा नाही म्हणून आम्ही पोरी त्या अभ्यासिकेची किती वाट बघत होतो!

"आबा, ही आपलीच जागा की."

"लिव्ह. सभेचं हाय ते, आपलं न्हाय. साहेब बघतील."

"साहेब वाचत्यात व्हय?"

"लई बोलू नगंस. लिव्ह म्हटलं की लिवायचं."

मी लिहिलं. शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असंही लिहिलं. तुम्ही खूश होऊन तुमचं शाईपेन मला देऊन टाकलंत.

गाळे उभे राहिले, वस्तीनं तक्रार केली, कोल्हापुराहून चौकशीला अधिकारी आले. नगराध्यक्ष म्हणाले, ठराव सभेचा. मुख्याधिकारी म्हणाले, नोंद लिपिकाची, मी विश्वासानं सही केली. तोवर तुमचं प्लास्टर निघालं होतं. मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते. अधिकाऱ्यांनी पानावर बोट ठेवून विचारलं, अक्षर कुणाचं?

"माझंच की, साहेब," तुम्ही म्हणालात, माझ्याकडे न बघता.

नोकरी तुमच्या एकट्याची गेली. अक्षर माझं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढे एकदा भांडणात मी तुम्हाला तोंडावर लाचार म्हणाले, तेव्हाही तुम्ही त्या अक्षराचा विषय काढला नाहीत.

निवडणुकीत 'बापानं घालवलेली जागा परत आणीन' म्हणत मी दारोदार मतं मागितली. लोकांनी दिली. आज मुख्याधिकाऱ्यांनी ती जुनी वही मागवली, पान उघडून माझ्यासमोर धरलं. "मॅडम, हे कुणी लिहिलंय?"

मी माझं अक्षर ओळखलं, आबा. आणि म्हणाले, "आमच्या आबांनी."

हे पत्र घडी घालून साड्यांच्या खाली ठेवतेय. वस्तीतल्या कुणाला सापडायला नको.