परत गेलेली दोन पोती

सर,

आपल्या बोर्डिंगचं जेवणघर पाडलं आणि तिथे नवा हॉल उभा राहिला. हे तुम्हाला कोणीतरी कळवायला हवं होतं, आणि माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस मी आहे, म्हणून मी कळवतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तिथे राहणाऱ्या मुलांसाठी तुम्ही म्हणजे ऑफिसातला हार घातलेला फोटो. नगरला कॉलेज शिकायला आलेल्या आमच्यासारख्यांना तुम्ही रेक्टर होतात, पण घरी पत्र लिहायला बसवणारे, ताप आला की उशाशी बसणारेही तुम्हीच. निधीसाठी आम्ही पत्रक काढलं, त्यावर ‘आपला वारसा, आपली जबाबदारी’ असं ठळक छापलं होतं. ते वाचून तुम्ही चष्मा काढून पुसायला लागला असतात, आणि तुम्ही चष्मा पुसायला लागलात की आम्ही काय ते समजायचो.

तुमच्या वेळी प्रत्येक मुलगा सहामाहीला घरून धान्य आणायचा आणि ते सगळं एकाच कोठीत ओतलं जायचं. ताटातली भाकरी कोणाच्या शेतातली हे कोणाला कळू नये, असा तुमचा नियम. मी मेस सेक्रेटरी झालो आणि डोक्यात हवा गेली. नेवाशाकडच्या एका मुलाने आणलेल्या ज्वारीत किडे निघाले, तर मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, हे परत घेऊन जा. तो पोतं पुन्हा खांद्यावर घ्यायला खाली वाकला. तेवढ्यात तुम्ही व्हरांड्यात येता, मूठभर ज्वारी तळहातावर घेता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, “इथे आलेलं धान्य परत जात नाही. निवडून घ्यायचं असतं.” मग दोन सुपं मागवता आणि आम्हा दोघांना समोरासमोर बसवता. माझे वडील कोपरगावला साखर कारखान्यात कारकून, मी जन्मात सूप धरलेलं नाही. निम्मी ज्वारी मी अंगणात उधळली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, “आरं, मनगाट हालीव. आख्खं आंग कशाला हालवतो?” दुपारपर्यंत आम्ही पाखडत होतो, आणि जेवायला उठलो तेव्हा तो माझा मित्र झाला होता. ‘जिवाभावाचा’ वगैरे म्हणत नाही, तुम्हाला असले शब्द आवडत नसत.

पुढे मी नागापूरला एमआयडीसीत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. तो गावी शेती बघायला गेला. माझी बायको गेली, मुलगी लग्न करून लांब राहते, आणि दोन खोल्यांत बोलायला भिंती उरल्या. मंडळाने चिटणीस व्हाल का असं विचारलं तेव्हा मी आढेवेढे घेतले, पण ते नुसते दाखवायला. फोन दिवसभर वाजायला लागला. पावती का आली नाही, गटाच्या फोटोत मी कडेला का, ग्रॅनाइटच्या पाटीवर माझं नाव कितव्या ओळीत. मी सगळ्यांना गोड बोलायचो. बिनकामाचा फोन मात्र त्या मित्राचाच यायचा. घोडेगावच्या बाजारात तो दर आठवड्याला जातो, जनावर घ्यायचं असो नसो, आणि तिथूनच मला फोन लावायचा. मागे म्हशींचा गलका. “आईक, तुजी इचारपूस करत्यात,” म्हणायचा. मी चिडल्यासारखं करायचो आणि पुढच्या बाजाराची वाट बघायचो.

पत्रक त्यालाही गेलं. त्याचा फोन आला, “दोन पोती ज्वारी घिऊन येतो. सरांच्या टायमाला ज्वारीच दिल्ती ना आपन?” मी म्हणालो, अरे, आता तिथे स्वयंपाकच होत नाही, मुलांना डबे बाहेरून येतात, द्यायचे तर पैसे दे. “पैसं बी दीन. पन आदी ज्वारी.” मी हसलो आणि म्हणालो, बघू. माझं ‘बघू’ म्हणजे ‘नको’ होतं, त्याला ते ‘ये’ असं ऐकू आलं असणार. आणि पत्रकात तर शेवटी छापलंच होतं की वस्तुरूपात देणगी स्वीकारली जाणार नाही. जुने पंखे, मोडकी कपाटं आणून टाकतात लोक, म्हणून माझ्या सहीच्या वर घातलेली ओळ ती. ज्वारी त्यात येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमच्या हाताखाली चार वर्षं जेवलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तो टेम्पो करून आला. फाटकावरच्या माणसाकडे पत्रक होतं, त्याने त्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. कार्यक्रम संपल्यावर मी फाटकाशी गेलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता. तो माणूस म्हणाला, भांडला नाही हो, नुसतं इचारलं, “ही सही त्येचीच हाय का?” मग म्हणे माझ्या मित्राने स्वतःजवळचं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि तो गेला.

तेव्हापासून बाजाराचे कितीतरी दिवस गेले. फोन येत नाही. बाजाराच्या दिवशी मी सकाळीच तो चार्जिंगला लावतो आणि समोर ठेवून बसतो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर हॉलचे फोटो येतात, लोक अभिनंदन करतात, मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवतो. फार एकटं वाटतं, सर. नंबर समोर असतो, तोंडात वाक्यही तयार असतं, ‘मला माहीतच नव्हतं रे, मला नंतर कळलं.’ पण बटण दाबवत नाही.

कारण मला नंतर कळलं नाही. स्टेजवरून फाटक सरळ दिसत होतं. मी माइकवर देणगीदारांची नावं वाचत होतो, पाहुणे बसले होते, आणि तो टेम्पोच्या फाळक्याला हात लावून माझ्याकडे बघत उभा होता. मी नुसता हात वर केला असता तरी त्याला आत सोडलं असतं. मला वाटलं, दोन पोती घेऊन तो तसाच स्टेजवर येईल आणि सगळे हसतील. मी मान खाली घातली आणि यादीतलं पुढचं नाव वाचलं.

हे लिहायला हवं होतं त्याला. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, पिनकोडसकट. तुम्हाला लिहिलं, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.