त्या दिवशी तू होतीस की नव्हतीस

माय, धम्मदीक्षेच्या दिवशी तू मैदानावर होतीस की नव्हतीस, एवढं एक सांग. तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी आता विचारतेय, म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर नाही. पण वस्तीने ठरवलंय, आपला इतिहास आपणच लिहायचा आणि विहाराच्या भिंतीवर लावायचा. त्या दिवशी गेलेल्या बायांची नावं, आणि प्रत्येकीच्या तोंडची एकेक ओळ. नियमही आपलाच, त्या दिवशी गेलेल्या कोणत्याही दोघींनी हो म्हटलं तरच गोष्ट भिंतीवर जाणार. तुझी टेप माझ्या कपाटात आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे.

कॉलेजातून मी टेपरेकॉर्डर आणला होता, आठवतं? अंगणात तुम्ही साऱ्या विड्या वळत बसलेल्या, एक बोलली की तिघी तिला दुरुस्त करणार. सर म्हणाले, फार गलका होतो, एकेकीला वेगळं बसवा. म्हणून तुला स्वयंपाकघरात नेलं. तिथेच चुकलं माझं. तू तांदूळ निवडतेयस, मशीनकडे बघतही नाहीस. मी विचारते, त्या दिवशी काय पाहिलंस? तू म्हणतेस, "मी कुठं गेली होती वं? तू तापानं फणफणली होती. शेजारणीपाशी दीक्षेले नेसाले पांढरं लुगडं नोतं, तं माहं देल्लं तिले." मी हबकलेच. म्हटलं, मग सारी वस्ती काहून म्हणते तू गेली होतीस? तू खडा बाहेर फेकलास. "म्हणू दे. लुगडं तं गेलं होतं न माहं!" आणि हसलीस. हसलीस की दुसरंच काही, ते मला अजून कळलेलं नाही. टेपवर नुसता श्वास ऐकू येतो.

मी तर लहानपणापासून ऐकत आले, की मी तुझ्या कडेवर होते. शाळेत सांगितलं, सभेत सांगितलं, टाळ्यासुद्धा घेतल्या. तू समोर बसून ऐकायचीस आणि चकार शब्द काढायची नाहीस. असं कोणी करतं का?

काल त्या शेजारणीकडे, काकीकडे गेले. नीट दिसत नाही आता तिला, पण बोटं विड्या वळतच असतात. विचारलं, "काकी, त्या दिवशी कोणाचं लुगडं नेसली होती तू?" "तुह्या मायचं. कोरं होतं." "मग माय काय नेसली होती?" काकीची बोटं थांबली. "काय नेसली होती बरं..." मग भडकलीच माझ्यावर. "पण होती! माह्या बाजूलेच होती. तू कडेवर रडून राहिली होती." आतून तिच्या नणंदेनेही हो म्हटलं, तीही गेली होती त्या दिवशी. झाल्या दोघी! नियमाने तू गेली होतीस, माय. नाही म्हणणारी तू एकटीच उरलीस.

तुझं नाव यादीत गेलं. समितीला मी सांगून आले, मायची टेप खराब निघाली. चांगली आहे वं ती, अक्षर न् अक्षर ऐकू येतं. पण माझ्या तापापायी तुझा तो दिवस गेला, हे भिंतीवर वाचायची माझी हिंमत नाही.